भाषा अनेक, दफ्तर एक

पुण्यातील एखादा विद्यार्थी मराठी विकिपीडियावर रायगड किल्ल्याचा लेख उघडतो, तेव्हा ते पान नेमके कुठून येते, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. सामान्यतः ते सिंगापूरमधील एका सर्व्हरवरून येते. त्याच विद्यार्थ्याने लेखातील एखादा चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारून बदल जतन केला, की ती दुरुस्ती मात्र अमेरिकेतील व्हर्जिनिया किंवा टेक्सास राज्यातील डेटाबेसमध्ये नोंदवली जाते. वाचन एका खंडातून आणि लेखन दुसऱ्या खंडात, अशी ही व्यवस्था आहे. तीनशेहून अधिक भाषांतील ज्ञानकोशांचे मूळ दफ्तर एकाच ठिकाणी का ठेवावे? प्रत्येक भाषेने आपापल्या देशात आपला सर्व्हर का उभारू नये? विकिपीडियाच्या जन्मापासून हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुढे आला आहे. तो वरवर तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात त्यात पैसा, कायदा आणि मालकी यांची गुंतागुंत आहे, आणि लहान भाषांच्या दृष्टीने तर तो अस्तित्वाचा प्रश्न आहे.

वेगळी चूल

विकिपीडियाची सुरुवात १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीतून झाली. दोन महिन्यांतच जर्मन, कॅटलान, फ्रेंच अशा इतर भाषांचे कोश सुरू झाले. तो सारा पसारा त्या काळी बोमिस या अमेरिकी कंपनीच्या मोजक्या यंत्रांवर चालत असे. यंत्रे एकत्र असली, तरी भाषांचा संसार मात्र एकसारखा नव्हता. जानेवारी २००२ मध्ये इंग्रजी विकिपीडियासाठी माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने लिहिलेली नवी संगणकप्रणाली बसविण्यात आली. इतर भाषा पुढे कित्येक महिने जुन्याच प्रणालीवर चालत राहिल्या. नव्या सोयी प्रथम इंग्रजीला आणि इतरांना सवडीने, अशी भावना निर्माण होणे साहजिकच होते.

त्यातच जाहिरातींचा विषय निघाला. विकिपीडियावर पुढेमागे जाहिराती येऊ शकतील, असे सूतोवाच होताच स्पॅनिश स्वयंसेवकांचा मोठा गट अस्वस्थ झाला. फेब्रुवारी २००२ मध्ये या गटाने वेगळी चूल मांडली. 'एन्सिक्लोपेडिया लिब्रे' या नावाने त्यांनी स्वतंत्र कोश सुरू केला आणि स्पेनमधील सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर तो ठेवला. मजकुराचा परवाना मुक्त असल्याने जुने लेख बरोबर नेण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. काही काळ हा नवा कोश मूळ स्पॅनिश विकिपीडियाच्या पुढेही होता.

या फुटीचे दोन परिणाम झाले. पहिला परिणाम केंद्रावर झाला. त्याच वर्षी विकिपीडियाने व्यापारी संकेतस्थळाचा '.कॉम' हा पत्ता सोडून '.ऑर्ग' हा पत्ता स्वीकारला आणि जाहिरातींचा विचार मागे पडला. जून २००३ मध्ये 'विकिमीडिया फाउंडेशन' ही ना-नफा संस्था स्थापन होऊन सर्व भाषांची यंत्रे आणि नावे तिच्याकडे गेली. दुसरा परिणाम फुटून गेलेल्यांवर झाला. सॉफ्टवेअरची सुधारणा, यंत्रांची देखभाल, नव्या लेखकांचा ओघ हे सारे एकट्याने पेलणे त्यांना जड गेले. काही वर्षांतच मूळ स्पॅनिश विकिपीडिया पुढे निघून गेला. आज त्यातील लेखांची संख्या वीस लाखांच्या आसपास आहे. फुटलेला कोश इतिहासाचा भाग होऊन राहिला आहे. ज्यांनी चूल वेगळी केली त्यांचे घर वाढले नाही. पण त्यांच्या जाण्याने मोठे घर सुधारले, असे या प्रकरणाचे वर्णन करता येईल.

प्रती अनेक, पण छत एक

महाराष्ट्रदिनी, १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा विकिपीडियाची यंत्रे वाढत्या वाचकसंख्येपुढे धापा टाकत होती. पुढे देणग्यांतून नवी यंत्रे घेण्यात आली आणि फ्लोरिडातील टँपा या शहरी ती एकत्र ठेवण्यात आली. डेटाबेसची एकच प्रत ठेवणे धोक्याचे असते, हे अर्थातच तंत्रज्ञांना ठाऊक होते. त्यामुळे एक मुख्य डेटाबेस आणि त्याबरहुकूम क्षणोक्षणी अद्ययावत होणाऱ्या इतर प्रती, अशी रचना होती.

फेब्रुवारी २००५ मध्ये या रचनेतील उणीव उघडी पडली. टँपातील केंद्रात सर्किट ब्रेकर पडले आणि सगळ्या सर्व्हरांचा वीजपुरवठा एकाच वेळी तुटला. लिहिण्याच्या मधल्या अवस्थेत बंद पडल्याने डेटाबेसच्या बहुतेक प्रती खराब झाल्या. शाबूत उरलेल्या प्रतीवरून पुन्हा मांडामांड करून सर्व भाषांचे व्यवहार पूर्ववत होण्यास सुमारे एक दिवस लागला. प्रती अनेक होत्या, पण साऱ्या एकाच छताखाली होत्या. केंद्रीकरणाचा हा सर्वांत ठळक धोका होय. तलाठ्याने सातबाऱ्याच्या दहा नकला करून त्या एकाच कपाटात ठेवल्या आणि त्या कपाटालाच आग लागली, तर दहा नकलांचा उपयोग काय?

मग विकेंद्रीकरण हा उपाय ठरतो का? त्याचे उत्तर देण्यापूर्वी वाचणे आणि लिहिणे या दोन क्रियांतील फरक लक्षात घ्यावा लागतो.

वाचन वाटता येते, लेखन नाही

मुंबईपासून व्हर्जिनियातील अ‍ॅशबर्न हे शहर सरळ रेषेत सुमारे १३ हजार किलोमीटर दूर आहे. काचतंतूच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एका निरोपाला जाऊन येण्यास, तार अगदी सरळ आहे असे मानले तरी, १३० मिलिसेकंद लागणारच. समुद्रातील तारा सरळ जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ आणखी वाढतो. शिवाय पान हाती पडण्यापूर्वी संगणक आणि सर्व्हर यांच्यात ओळख पटविणारे निरोप तीन-चार वेळा ये-जा करतात. साहजिकच पान उघडण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक सेकंद निघून जातो. सिंगापूर मुंबईहून सुमारे ३,९०० किलोमीटरवर आहे. तेथून तोच निरोप एक-तृतीयांशाहून कमी वेळात येतो. यंत्र कितीही वेगवान घेतले तरी अंतराचा हा हिशेब चुकत नाही.

तेव्हा वाचकांच्या जवळ सर्व्हर ठेवणे आवश्यकच आहे. मात्र त्यासाठी संपूर्ण डेटाबेस हलविण्याची गरज नसते. लोक वारंवार मागतात ती तयार पाने जवळच्या सर्व्हरवर हाताशी ठेवली की बहुतेक काम भागते. अशा साठवणीच्या सर्व्हरला 'कॅश सर्व्हर' म्हणतात. विकिपीडियाने २००५ पासून युरोपात अ‍ॅमस्टरडॅम येथे ही सोय केली. आशियासाठी याहू कंपनीच्या मदतीने दक्षिण कोरियातील सोल येथेही सर्व्हर मिळाले होते. ते केंद्र पुढे बंद झाले. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्को, २०१८ मध्ये सिंगापूर, २०२२ मध्ये फ्रान्समधील मार्सेल आणि २०२४ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो अशी साखळी वाढत गेली.

लेखनाची गोष्ट वेगळी. एकाच लेखाचे दोन मूळ डेटाबेस मुंबईत आणि व्हर्जिनियात आहेत, अशी कल्पना करा. पुण्याच्या संपादकाने रायगडाची उंची बदलली. त्याच क्षणी न्यू जर्सीतील मराठी संपादकाने तेच वाक्य गाळले. दोन्ही ठिकाणी बदल 'यशस्वी' झाले. आता खरा लेख कोणता? एकाच संयुक्त खात्यात पाच हजार रुपये शिल्लक असताना पतीने दादरच्या शाखेतून आणि पत्नीने ठाण्याच्या शाखेतून एकाच वेळी पाच हजार काढावेत आणि दोन्ही शाखांच्या वह्या स्वतंत्र असाव्यात, तसा हा घोटाळा आहे. प्रत्येक बदलापूर्वी दोन्ही डेटाबेसनी एकमेकांना विचारायचे ठरवले, तर जे अंतर टाळण्यासाठी वाटणी केली तेच अंतर पुन्हा मध्ये येते. म्हणून नोंद एका जागी आणि वाचन अनेक जागी, हा मार्ग व्यवहार्य ठरला.

भाषा म्हणजे प्रदेश नव्हे

यावर विकेंद्रीकरणाचे समर्थक एक सबळ मुद्दा मांडतात. एकाच लेखाचे दोन मूळ डेटाबेस नकोत, हे मान्य. पण मराठी आणि जपानी हे मुळातच निरनिराळे कोश आहेत. त्यांच्यात लेखनाचा संघर्ष होण्याचा प्रश्नच नाही. मग मराठीचा डेटाबेस मुंबईत आणि जपानीचा टोकियोत ठेवण्यास हरकत कोणती?

पहिली हरकत अशी, की भाषेला सीमा नसतात. मराठी वाचक महाराष्ट्रात आहे, गोव्यात आहे, बेळगाव, इंदूर आणि बडोद्यात आहे. आखाती देशांत, लंडनमध्ये आणि अमेरिकेतही आहे. स्पॅनिशचा वाचक माद्रिदपासून ब्युनॉस आयर्सपर्यंत पसरलेला आहे. तेव्हा भाषेनुसार सर्व्हर वाटल्याने वाचकाचे अंतर कमी होईलच, असे नाही. ते कमी करण्याचे काम प्रदेशानुसार ठेवलेले कॅश सर्व्हर अधिक चांगले करतात, आणि तेथे सर्व भाषांची पाने एकत्र राहू शकतात.

दुसरी हरकत सामाईक मालमत्तेची आहे. सप्टेंबर २००४ मध्ये 'विकिमीडिया कॉमन्स' हा चित्रांचा एकत्रित साठा सुरू झाला. त्यापूर्वी शनिवारवाड्याचे एखादे छायाचित्र पाच भाषांत हवे असेल, तर ते पाच ठिकाणी चढवावे लागे. त्याहून बोलके उदाहरण आंतरभाषिक दुव्यांचे आहे. एखाद्या विषयावर शंभर भाषांत लेख असतील, तर प्रत्येक लेखात उरलेल्या ९९ भाषांचे दुवे, म्हणजे एकूण ९,९०० दुवे लिहावे लागत. एका भाषेत लेखाचे नाव बदलले, की ९९ ठिकाणी दुरुस्ती. हे सव्यापसव्य सांभाळण्यासाठी स्वयंचलित प्रणाली रात्रंदिवस राबत असत. ऑक्टोबर २०१२ मध्ये 'विकिडेटा' सुरू झाला आणि २०१३ मध्ये हे दुवे तेथे एकत्र गेले. शंभर भाषांसाठी आता एकच नोंद आणि तिच्याखाली शंभर नावे पुरतात.

एकाच घरात राहूनही सूत्र वेगळे असले तर काय होते, याचाही अनुभव जुना आहे. इंग्रजी विकिपीडिया २००५ पर्यंत केवळ पश्चिम युरोपीय अक्षरे मावणाऱ्या जुन्या संकेतप्रणालीत साठविलेला होता. मराठीसह बहुतेक भाषा युनिकोडमध्ये होत्या. त्यामुळे इंग्रजी लेखात 'पुणे' हा देवनागरी शब्द थेट लिहिता येत नसे. तो अंकांच्या सांकेतिक रूपात लिहावा लागे. प्रत्येक भाषेची यंत्रणा वेगळी झाली असती, तर अशा विसंगती किती वाढल्या असत्या, याची कल्पना करता येते.

तिसरी हरकत आहे ती मनुष्यबळाची, आणि लहान भाषांसाठी तीच निर्णायक आहे. सर्व्हर विकत घेणे सोपे असते. मध्यरात्री तो बंद पडल्यावर उठून सुरू करणारा माणूस मिळणे अवघड असते. सुरक्षेतील त्रुटी बुजविणे, डेटाबेस सांभाळणे, हल्ले परतविणे ही कामे लेख दहा लाख असोत वा दहा हजार, तितकीच करावी लागतात. मराठी विकिपीडियात आज सुमारे एक लाख लेख आहेत. नियमित लिहिणाऱ्यांची संख्या मात्र मर्यादित आहे. त्यांनी लेख लिहावेत की यंत्रे राखावीत? गोव्याच्या कोंकणीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. अनेक वर्षे प्रायोगिक विभागात तयारी केल्यानंतर २०१५ मध्ये तिचा स्वतंत्र विकिपीडिया सुरू झाला. ओलचिकी लिपीतील संथाळीचा २०१८ मध्ये झाला. या भाषांना लिहिणारी माणसे आणि पुरेसे लेख दाखवावे लागले. एकही सर्व्हर दाखवावा लागला नाही.

कायद्याचा हात कुठवर?

केंद्र एकाच देशात असले, की त्या देशाचा कायदा सर्वांना लागू होतो. हे काही वेळा संरक्षण ठरते. जानेवारी २००६ मध्ये एका दिवंगत संगणकतज्ज्ञाचे खरे नाव छापण्यावरून बर्लिनमधील न्यायालयाने जर्मन संस्थेला तिच्या मालकीच्या 'विकिपीडिया.डीई' या पत्त्यावरून ज्ञानकोशाकडे वाचक पाठविण्यास काही दिवस मनाई केली. तो पत्ता बंद राहिला. पण फ्लोरिडातील सर्व्हरवर असलेला जर्मन ज्ञानकोश सुरूच होता. मूळ डेटाबेस बर्लिनमध्ये असता, तर चित्र कदाचित वेगळे दिसले असते.

मात्र सर्व्हर दूर असला की भाषा सुरक्षित, हा समज पुढे खोटा ठरला. एप्रिल २०१३ मध्ये फ्रान्सच्या अंतर्गत गुप्तचर यंत्रणेने एका लष्करी संदेशकेंद्रावरील लेख काढून टाकण्याची मागणी केली. अमेरिकेतील संस्थेने नकार दिला, तेव्हा फ्रान्समध्ये राहणाऱ्या एका स्वयंसेवक प्रचालकाला बोलावून त्याच्याकडून लेख काढविण्यात आला. सर्व्हरपर्यंत हात पोहोचला नाही, तर तो माणसापर्यंत पोहोचतो. देशाबाहेरील दुसऱ्या स्वयंसेवकाने लेख परत आणला आणि तो काही दिवस फ्रेंच विकिपीडियावरील सर्वाधिक वाचला गेलेला लेख ठरला, हा भाग वेगळा.

तुर्कस्तानने एप्रिल २०१७ मध्ये विकिपीडियावर बंदी घातली, तेव्हा केंद्रीकरणाची दुसरी बाजू दिसली. आक्षेप मोजक्या लेखांवर होता, पण बंद झाल्या सर्व भाषा. ही बंदी न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी २०२० मध्ये उठली. भारतातही २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेल्या बदनामीच्या दाव्यात या खटल्यावरीलच एक पान न्यायालयाच्या आदेशाने जगभर काढावे लागले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सर्व्हर अमेरिकेत असूनही भारतातील आदेश पाळावा लागला, ही बाब लक्षणीय आहे.

दोन केंद्रांचा मध्यममार्ग

२००५ च्या वीजसंकटाने जो धडा दिला, तो पूर्णपणे अमलात येण्यास बरीच वर्षे लागली. दरम्यान विखुरलेपणाचे धोकेही समोर आले. मार्च २०१० मध्ये युरोपातील केंद्र तापल्याने तेथील सर्व्हर बंद पडले. वाचकांना फ्लोरिडाकडे वळविण्याची व्यवस्था होती, पण वळविणारी यंत्रणाच बिघडलेली निघाली आणि संकेतस्थळ साऱ्या जगात दिसेनासे झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये टँपा आणि अ‍ॅशबर्न या दोन केंद्रांना जोडणारी तार तुटल्याने सुमारे तासभर सेवा खंडित झाली. दोन जागा असणे पुरेसे नसते. त्यांना जोडणारा दुवाही तितकाच पक्का असावा लागतो.

जानेवारी २०१३ मध्ये मुख्य केंद्र चक्रीवादळांच्या फ्लोरिडातून व्हर्जिनियात हलविण्यात आले. त्यानंतर टेक्सासमध्ये डॅलसजवळ तोलामोलाचे दुसरे केंद्र उभे राहिले. एप्रिल २०१६ मध्ये प्रथमच सारा कारभार एका केंद्रातून दुसऱ्याकडे नेण्याची रंगीत तालीम झाली, तेव्हा सर्व भाषांतील लेखन सुमारे ४५ मिनिटे थांबवावे लागले. २०२१ पर्यंत हा अवधी दोन-तीन मिनिटांवर आला. आता ही अदलाबदल वर्षातून दोनदा नेमाने होते. २०२२ पासून दोन्ही केंद्रे एकाच वेळी वाचकांना पाने देतात. लेखनाची नोंद मात्र त्या त्या वेळच्या एकाच मुख्य केंद्रात होते. या दफ्तरातही प्रत्येक भाषेचा डेटाबेस स्वतंत्र आहे. इंग्रजीसाठी वेगळा गट आहे. शेकडो लहान प्रकल्प एकत्र नांदतात.

दार उघडे असावे

या साऱ्याचा अर्थ केंद्रीकरण निर्दोष आहे, असा मुळीच नाही. आधी कोणती सुविधा करायची आणि कोणत्या भाषेची अडचण रांगेत मागे ठेवायची, हे बव्हंशी केंद्रात ठरते. देवनागरीत टंकन करण्याची अंगभूत सोय मिळण्यासाठी भारतीय भाषांना बराच काळ थांबावे लागले. ती २०१३ मध्ये 'युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर'च्या रूपाने सर्वत्र आली, तेव्हा मात्र मराठीला त्यासाठी वेगळा खर्च करावा लागला नाही. विलंब आणि लाभ, दोन्ही एकाच व्यवस्थेची फळे आहेत.

या व्यवस्थेतील खरा तोल सर्व्हरच्या जागेत नसून दोन अधिकारांत आहे. एक, लेखात काय असावे याचा निर्णय त्या भाषेतील संपादकांनी घेणे. दुसरा, पटले नाही तर सर्व मजकूर घेऊन निघून जाण्याची मुभा. विकिपीडियाच्या प्रत्येक भाषेची संपूर्ण प्रत कोणालाही उतरवून घेता येते आणि मुक्त परवान्यामुळे ती दुसरीकडे चालविता येते. 'विकिट्रॅव्हल' हे प्रवासविषयक संकेतस्थळ एका व्यापारी कंपनीकडे गेल्यावर जर्मन स्वयंसेवक २००६ मध्ये असेच बाहेर पडले. त्यांचा 'विकिव्हॉयेज' हा प्रकल्प २०१३ मध्ये विकिमीडियाच्या छत्राखाली आला. उलट, जानेवारी २०२४ मध्ये रशियात सुरू झालेला 'रुविकी' हा रशियन विकिपीडियाच्या मजकुरावर बेतलेला पण देशांतर्गत नियंत्रणाखालील कोश, याच मुभेचे दुसरे रूप आहे. तोच परवाना स्वातंत्र्यासाठी वापरता येतो आणि नियंत्रणासाठीही.

आपल्याकडे अनेक भाषांत सामूहिक लेखनाचे संकेतस्थळ उभारू पाहणाऱ्या संस्थांनी यातून घेण्यासारखे बरेच आहे. नोंदवही एक ठेवावी, तिची पूर्ण प्रत दुसऱ्या गावी ठेवावी आणि वर्षातून एकदा तरी त्या प्रतीवर कारभार चालवून पाहावा. वाचनाची केंद्रे वाचकांच्या जवळ न्यावीत. भाषेचे निर्णय त्या भाषेच्या माणसांकडे सोपवावेत. आणि बाहेर जाण्याचे दार कायम उघडे ठेवावे. मराठीसारख्या भाषेला एकत्र कुटुंबातच अधिक बळ मिळते, हे खरे. पण ते कुटुंब नीट चालते ते वाटणी मागण्याचा हक्क शाबूत असतो म्हणून. २००२ साली सेव्हिलकडे निघून गेलेल्या मोजक्या स्पॅनिश स्वयंसेवकांनी तो हक्क बजावला. जाहिरातींविना चालणारा ज्ञानकोश आज साऱ्या भाषांना मिळतो आहे, त्यात त्यांचाही वाटा आहे.